देवळीतला फोन, खिशातला फोन

नाना,

तेरा दिवस सगळे तुझ्याविषयी चांगलंच बोलत होते आणि माझी पंचाईत झाली होती. मला तुझ्याशी भांडायचं होतं. राखीला असोद्याला आले होते तेव्हा आपलं भांडण अर्धवट राहिलं. तू ताटावरून उठताना म्हणालास, "कुसुम, बाकीचं दिवाळीले." आणि दिवाळीला आठ दिवस असताना निघून गेलास. असं भांडण टाकून कोणी जातं का रे? लहानपणी पत्त्यात हरायला लागलास की पानं उधळून उठायचास, ती सवय काही सुटली नाही.

भांडण काय, तर घरचा मुख्य फोन कोणता. ओट्यावरच्या देवळीतला, की तुझ्या खिशातला. तू मोबाईल घेतला होतास आणि देवळीतला फोन टेलिफोन खात्याला परत करायचा म्हणत होतास. मी म्हणत होते, हात तर लावून बघ त्या फोनला. पंचावन्न वर्षांचा भाऊ आणि पन्नाशीची बहीण, पुरणपोळी निवत ठेवून एका यंत्रावरून कडाकडा भांडत होतो. वहिनी वाढत होती. ती एक शब्द बोलली नाही. हे मी आत्ता सहज लिहून गेले, पण त्या दिवशी माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

तो देवळीतला फोन तू माझ्यासाठी आणला होतास, हे मी तुला कधी तोंडावर बोलून दाखवलं नाही. आज बोलते. आई गेली तेव्हा मी धुळ्याला होते. तेव्हा फोन कुठला! तू जळगावला जाऊन तार केलीस. ती आली दुसऱ्या दिवशी दुपारी, मी शाळेत तिसरीच्या वर्गाला बेरजा शिकवत होते तेव्हा. एस.टी.ने असोद्याला पोचले तर तू राख सावडून आला होतास. मी तुझ्या छातीवर बुक्क्या मारल्या. तू मारू दिलंस. मग म्हणालास, "आता ह्या घरातून कोनाले उशीर होनार नही." दुसऱ्या आठवड्यात फोनचा अर्ज भरून आलास.

अर्ज भरला आणि वर्षांमागून वर्षं गेली. तू दर दोन महिन्यांनी जळगावच्या ऑफिसात जायचास, साहेबांच्या टेबलावर केळीची फणी ठेवायचास आणि यादीत नंबर कुठवर आला ते विचारून यायचास. प्रशांत तुझा, पहिलीत होता तो सहावीत गेला. मग एकदाचे खांब आले. खड्डे खणायला त्यांची माणसं आली नाहीत म्हणून तू आणि आपल्या बागेतल्या गड्याने, सुपडूने, तीन खड्डे स्वतः खणले. आणि पहिला फोन तू मला केलास. माझ्याकडे कुठला फोन? शेजारच्या पाटलीणबाईंकडे केलास. त्या भिंतीवरून ओरडल्या, "ताई, तुना भाऊना फोन शे!" मी पिठाच्या हातांनी पळाले. तू तिकडून काहीच बोलेनास. नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "अरे बोल ना!" तर म्हणतोस, "बोलतो ना. आधी आयकू तर दे, आवाज कसा येतो." मी त्या दिवशी घरी येऊन खूप रडले होते, नाना. तुला कळू दिलं नाही, नाहीतर तुझं डोकं आभाळाला लागलं असतं.

मग तो फोन अख्ख्या गल्लीचा झाला. सुरतेला, पुण्याला ज्यांची ज्यांची पोरं होती त्या सगळ्यांनी आपला नंबर देऊन टाकला, शेजारच्यांचा फोन म्हणून पुढे पी.पी. लिहून. लग्नाच्या पत्रिकांवरसुद्धा आपला नंबर छापलेला मी पाहिलाय, खाली तुझं नाव, जसं काही तूच नवरदेवाचा बाप. फोन यायचा, "जरा रमेशच्या आईला बोलवता का, पाच मिनिटांनी करतो." आणि वहिनी पदर खोचून निघायची. रमेशची आई, मधल्या घरातली मामी, टोकाच्या घरातले गुरुजी. ओट्याखाली चपलांचा ढीग पडायचा. कोणाला नोकरी लागल्याचं कळायचं, कोणाचं लग्न मोडल्याचं. वहिनी आतल्या खोलीत जाऊन उभी राहायची, म्हणजे बोलणाऱ्याला मोकळं बोलता यावं. तिचं हे शहाणपण तिला कोणी शिकवलं नव्हतं.

फोन आला त्याच्या पहिल्या महिन्यात तू तिला म्हणालास, "सिंधू, थोडे दिवस घरीच राय. कोनी पाह्यजे ना उचलाले." तोवर ती रोज तुझ्याबरोबर केळीच्या बागेत जायची. बुडाशी फुटलेली पिलं कापायला, पानं उतरवायला, घड भरला की नाही ते सांगायला. तू स्वतः मला सांगायचास की, व्यापारी घडाला बोट लावून बघतो आणि सिंधू बांधावरून सांगते कुठली केळी परवा कापायची. मग घरात बसली. थोडे दिवस म्हणजे किती, ते ना तू ठरवलंस, ना आम्ही कोणी विचारलं. मला तर आनंदच झाला. माझ्याकडेही फोन आला होता, मी दर गुरुवारी संध्याकाळी करायचे आणि पहिल्या रिंगला वहिनी उचलायची. मी म्हणायचे, "वहिनी, तू घरात असतेस म्हणून किती बरं." ती हसायची. तिच्या हसण्याचा अर्थ काढायची मला कधी गरज वाटली नाही. मी बाई हुशार ना! दुसऱ्यांच्या मुलांचे पेपर तपासत बसणारी.

आणि मग तुझा मोबाईल. अरे देवा! यंदाच्या मार्चमध्ये तू नशिराबादच्या कुठल्या व्यापाऱ्याच्या हातात पाहिलास आणि तुला तो पाहिजेच झाला. पाव किलोचा तो ठोकळा प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरून रबर, आणि पिशवी बंडीच्या आतल्या खिशात. आलेल्या फोनचेही पैसे पडतात म्हटल्यावर तू तो बंदच ठेवायचास. चालू करायचास फक्त स्वतःला बोलायचं असेल तेव्हा. मला धुळ्याला फोन करून म्हणालास, "कुसुम, मी मोबाईलवरून बोलू राहिलो. बरं, आता बंद करतो." झालं! एवढंच! वर सगळ्या दलालांना नवा नंबर वाटत सुटलास. ते बिचारे लावून लावून थकायचे आणि शेवटी देवळीतल्या फोनवर यायचे. वहिनीने सांगायचं, "त्यायचा मोबाईल बंद असीन. मले सांगा, सांगते मी." आणि तू म्हणे मोबाईल मुख्य करणार!

राखीला मी हेच बोलले. तू म्हणालास, "फोन मानसाचा असते, भित्ताडाचा नही. मी जिथी जाईन तिथी माह्या नंबर." मी म्हटलं, "त्या भिंतीपाशी वहिनी बसलेली आहे, तिचं काय? फोन तुझ्या खिशात गेला की तिचा आवाज पण खिशात गेला. मी गुरुवारी कोणाशी बोलू? तुझ्या बंडीशी?" तू लाल झालास. म्हणालास, "तुले तुह्या गुरुवारचं पडलं." मी म्हटलं, "मला वहिनीचं पडलंय." नाना, मला खरंच वाटत होतं की मला वहिनीचं पडलंय. तुलाही वाटत असणार की तू तिच्या डोक्यावरची फोनची कटकट काढतो आहेस. तू मनातून वाईट नव्हतास रे. मी पण नव्हते.

त्या सकाळी तू बागेत गेलास. सुपडू सांगतो, ठिबकच्या नळीत कचरा अडकला होता म्हणून वाकलास आणि तसाच बसलास. घाम घाम झाला. मोबाईल खिशात होता, पिशवीत, बंद. सुपडूने तो हातात घेतला, पण चालू कसा करायचा हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि तुझ्या तोंडून शब्द येत नव्हता. तो पळत रस्त्यावर आला. मोटारसायकलवाल्या दोघांनी तुला मध्ये बसवून जळगावला नेलं. दवाखान्याच्या बाहेरच्या बूथवरून त्यांनी घरी फोन केला. तोवर तू नव्हतास.

वहिनीने लगेच मला फोन केला. "ताई, निघा," एवढंच म्हणाली. मी अंगावरच्या साडीने स्टँडवर आले. जळगावची गाडी उभी होती. दुपारी तुझं तोंड पाहिलं मी, नाना. कपाळावरून हात फिरवला. मला उशीर झाला नाही. आईच्या वेळी दिलेला शब्द तू पाळलास, आणि त्याबद्दल मी तुझ्या पायांवर डोकं ठेवलं ते सगळ्यांनी पाहिलं. कशासाठी ठेवलं ते फक्त तुला आणि मला माहीत.

पण उशीर झालाच. कोणाला झाला ते मला तेराव्याच्या दिवशी कळलं.

जेवणं उरकली होती. ओट्यावर मी, प्रशांत आणि आपले चुलते आबा, एवढेच होतो. प्रशांत आता जळगावात पंपांच्या सामानाचं दुकान चालवतो, पोरगा सरळ आहे. तो म्हणाला, "आत्या, तू आणि बाबा ज्यावरून भांडले ते मिटवून टाकू. तुझंच खरं. घरचा फोन राहू दे. आई घरीच असणार. मोबाईल मी वापरतो दुकानासाठी." मी तुझ्या फोटोकडे पाहिलं. हाराआडून तू बघत होतास. मी मनात म्हटलं, बघ नाना, जिंकले. खोटं कशाला बोलू, त्या दुःखातही मला बरं वाटलं.

तेवढ्यात आतून वहिनी आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "मोबाईल मले पाह्यजे."

प्रशांत म्हणाला, "आई, तुला मोबाईल कशाला? घरी फोन आहे ना."

"हा घेऊन जाय तुह्या दुकानात. नही तं देऊन टाक परत. मी उद्यापासून बागेत जाते."

आबा खाकरले. "सून, सव्वा महिना तं होऊ दे. लोक काय म्हनतीन?"

वहिनीने आबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "ताई, राखीले तुमी दोघं भाऊबहीन माह्यावरून भांडले. मी वाढत होती तिथीच. मले इचारलं का कोनी?" आवाज चढला नव्हता. "नऊ वरीस झाले, मी माहेरी राह्यली नही. फोन कोन उचलीन? बागेत गेली नही. फोन कोन उचलीन? हे बागेत पडले तवा मी कुठी होती सांगू? मामीले बोलवाले गेली होती. सुरतेचा फोन आला होता तिचा. रोज त्यांच्यासंगं बागेत जानारी मी. असती ना तिथी, तं पानी तरी पाजलं असतं."

नाना, मला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. उशीर तिला झाला होता. मी साठ मैलांवरून वेळेवर आले आणि गावातच असलेल्या तुझ्या बायकोला उशीर झाला. तो उशीर तू केलास आणि मीही केला. दर गुरुवारी "तू घरात असतेस म्हणून बरं" म्हणून म्हणून मी तिला त्या देवळीपाशी आणखी घट्ट बसवत होते. तिला ते ओझं वाटत असेल असं माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. तुला मी काय काय बोलले, की तू तिचा आवाज खिशात घालतो आहेस. मी कुठे ठेवला होता तिचा आवाज? माझ्या सोयीच्या वेळी, माझ्या सोयीच्या जागी.

मग मी उठले. आता तू मला ओळखतोस. मी आबांना म्हटलं, "आबा, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत, मी असोद्यात आणखी तीन दिवस आहे. ज्याला म्हणायचं असेल त्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं." प्रशांतला म्हटलं, "मी राखीला काय बोलले ते विसर. मी चुकले. मोबाईल आईचा." तो हिरमुसला, पण वाद नाही घातला. म्हणाला, "आत्या, तू चुकले म्हणतेस हे बाबांनी ऐकायला पाहिजे होतं." मला हसू आलं आणि मग हसता हसता रडू फुटलं. वहिनीने येऊन माझं डोकं पोटाशी धरलं. नवरा तिचा गेलेला, आणि समजूत माझी काढते.

तीन दिवसांत किती जण आले सांगू? रमेशची आई म्हणाली, "आमच्या पोराच्या फोनचं काय?" मामी म्हणाली, "बाईमानूस मोबाईल घेऊन फिरीन का बागेत?" वहिनी प्रत्येकीला चहा द्यायची आणि एकच सांगायची, "कोपऱ्यावर बूथ झाला ना. तिथला नंबर देजा." मी दाराशी राखणदारासारखी बसून होते. दोघींशी माझी चांगलीच जुंपली. एकीने तुझं नाव काढलं, "नाना असते तं हा फोन कधी जाऊ देते का?" मी म्हटलं, "नाना स्वतः परत करणार होता. माझ्याशी त्यावरून भांडला होता." बघ, शेवटी तुझ्या बाजूने बोलायची वेळ आली माझ्यावर.

चौथ्या दिवशी आम्ही दोघी जळगावच्या ऑफिसात गेलो. टेबलामागचा माणूस कागद बघून म्हणाला, "ताई, लोक नंबरसाठी वर्षं काढतात आणि तुम्ही परत करता? कारण काय लिहू?" मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. वहिनी म्हणाली, "लिहा, मले घराबाहेर जायचं आहे." त्याने मान वर करून पाहिलं. मग खाली घालून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. मला तो फोन जाताना वाईट वाटलं, नाना. तू खणलेले तीन खड्डे आठवले. तरी ती सही करत असताना मी तिच्या शेजारी उभी राहिले.

मोबाईल प्रशांतने तिच्या नावावर करून आणला. रबर काढून टाकलं, पिशवी काढून टाकली. सुपडूलाही चालू-बंद करायला शिकवलं. ती तो दिवसभर चालू ठेवते. आलेल्या फोनचे पैसे पडतात म्हणून मी तिला करत नाही, तिलाच सांगितलंय, तुला वाटेल तेव्हा तू कर. गुरुवार गेला. दुसरा गुरुवार गेला. संध्याकाळी मी फोनपाशी खुर्ची ओढून बसले होते. फोन आला नाही. मला राग आला, मग माझाच राग आला, मग मी कुकर लावला.

आज सोमवार. शाळेतून येऊन पर्स टेबलावर ठेवते तोच फोन वाजला. वारा ऐकू येत होता आणि कोणीतरी लांबून ओरडत होतं.

"ताई, मी विहिरीपाशी उभी आहे. इथीच आवाज येते."

मी म्हटलं, "वहिनी! कशी आहेस? जेवलीस का? पाय सांभाळून टाक, चिखल असेल."

"खालच्या बागेचे घड भरले. व्यापारी म्हने चार दिवस थांबा. मी म्हटलं, नही, आजच. हे पन आजच म्हनले असते."

"म्हणाला असता," मी म्हटलं. मला तिला सांगायचं होतं की मी तुला हे पत्र लिहायला घेतलंय, की त्या दिवशी तिला विचारलं नाही याबद्दल तिने मला माफ करावं, की मी दोन गुरुवार वाट पाहिली. मी म्हटलं, "वहिनी, ऐक ना, मला तुला एक—"

"ताई, मंग बोलू. गाडी भराची राह्यली." आणि तिने फोन ठेवला.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि हे पत्र पुढे ओढलं. नाना, आपण दोघांनी तिला कधी विचारलं नाही. आता ती आपल्याला विचारत नाही.

तुझी,
कुसुम